साठ झिजलेल्या शिवराया की पूर्ण लेखाची एकच?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एका निर्णयात तुमची मदत हवी आहे. आठवडाभरात उत्तर देईन असं समोरच्यांना कबूल केलं आहे.

मी नाशिकचा. शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी जमवतो, जोडीला इंग्रजी अमदानीतले चांदीचे रुपये. वर्षाकाठी जे चार पैसे बाजूला पडतात त्यातच हा छंद बसवावा लागतो. आता नेमक्या दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आहेत आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखी आहे.

पहिली म्हणजे एका जुन्या तांबट घराण्यातली शिवरायांची पिशवी. साठ-पासष्ट नाणी असतील. मोडीच्या भांड्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेली आणि वितळवायची राहून गेलेली. बहुतेक झिजलेली. काहींवर फक्त 'राजा' वाचता येतं, काहींवर 'पति', आणि दहाबारा तर नुसत्या तांब्याच्या चकत्या वाटतात.

दुसरी म्हणजे एका संग्राहकाकडची एकच शिवराई, पण पूर्ण लेखाची, म्हणजे नाण्यावरची सगळी अक्षरं दिसणारी. पुढच्या बाजूला 'श्री', 'राजा', 'शिव' या तिन्ही ओळी, मागे 'छत्र' आणि 'पति' दोन्ही, आणि भोवतीच्या बिंदूंच्या कड्याचा निम्म्याहून जास्त भाग. असं नाणं आजवर प्रदर्शनात काचेआड पाहिलं होतं.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. होन आज अतिदुर्मीळ आहे. शिवराईचं तसं झालं नाही. महाराजांच्या पश्चात पेशवाई संपेपर्यंत ती त्यांच्याच नावाने निघत राहिली, पुढे कंपनी सरकारनेही तिचीच नक्कल पाडली, आणि दख्खनच्या बाजारात ती एकोणिसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. म्हणून शिवराई आजही मिळते. चांगली शिवराई मात्र मिळत नाही.

पिशवी घ्यावी की एकच घ्यावी? तुमच्या संग्रहात तुम्ही हा प्रश्न कसा सोडवता?

सराफकट्टा

एकच घ्या. दुसरा विचारही करू नका.

झिजलेली शिवराई कधीही मिळेल. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा, पथारीवर ढिगाने पडलेल्या असतात. पूर्ण लेखाची शिवराई एकदा हातातून गेली की पुन्हा किती वर्षांनी समोर येईल याचा भरवसा नाही. शिवाय उद्या विकायची वेळ आली तर त्या एका नाण्यासाठी लोक घरी येतील. साठ चकत्यांना तांब्याच्या भावाच्या थोडं वर काहीतरी मिळेल.

संग्रहाची ओळख त्यातल्या सर्वोत्तम नाण्यावरून ठरते. मी गेली काही वर्षं एकच नियम पाळतो. नवीन नाणं घेताना ते आधीच्या त्याच प्रकारच्या नाण्यापेक्षा सरस असलं पाहिजे, आणि ते आलं की आधीचं काढून टाकायचं. डबा वाढत नाही, संग्रह वाढतो.

रेवती_ठाणे

सराफकट्टा यांच्याशी सहमत. मी प्रजासत्ताक भारताची नाणी जमवते, विशेषतः स्मारक नाणी. तिथे तर दर्जाशिवाय दुसरं काही बघूच नये. १९९९ चं संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं, त्याच वर्षीचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, ही सगळी यंत्रावर पाडलेली. एकासारखं दुसरं. मग ओरखडे पडलेलं, चलनात फिरलेलं नाणं का ठेवायचं? मी यूएनसी, म्हणजे चलनात न फिरलेलंच घेते.

संख्येचा मोह मला फक्त टांकसाळीच्या खुणांपुरता होतो. सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच नाण्याची जितक्या टांकसाळींची रूपं असतील तितकी हवीत, पण प्रत्येकी एकच आणि कोरं.

जरीपटका

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. रेवतीताईंचं नाणं आणि तुमची शिवराई वेगवेगळ्या रीतीने जन्माला आलेली आहेत. दर्जा म्हणजे काय, हेच त्यामुळे बदलतं.

यंत्रावरच्या नाण्याला ठसा, चकती आणि दाब सगळं मोजून दिलेलं असतं. टांकसाळीतून बाहेर पडताना प्रत्येक नाणं पूर्ण असतं, आणि त्यानंतर त्याचं जे होतं ती केवळ झीज. म्हणून तिथे झीज किती यावरून व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी अशी उतरंड लावता येते आणि ती खरी असते.

शिवराई हाताने पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे ठशावर जे कोरलं होतं ते सगळंच्या सगळं एका नाण्यावर फार क्वचित उतरतं. घाव डावीकडे बसला तर 'श्री'चा वेलांटीसकटचा भाग येतो आणि 'जा' जातो. वर बसला तर बिंदूंचं कडं येतं आणि 'शिव' अर्धा राहतो. टांकसाळीतून आजच बाहेर पडलेली, चलनात एकदाही न फिरलेली शिवराईसुद्धा अपुरीच असते.

याचा परिणाम असा की एका ठशाचं पूर्ण चित्र हवं असेल तर त्याच ठशाची पाच-सात नाणी लागतात. एकाचा वरचा भाग, दुसऱ्याची कड, तिसऱ्याचं अक्षर असं जोडत जावं लागतं. आणि हे जोडकाम करताना नाणं झिजलेलं असलं तरी चालतं, कारण तुम्ही फक्त एका 'र'ची काठी कुठून निघते ते बघत असता.

दुसरं, शिवराईचं शुद्धलेखन. 'शिव', 'शीव', 'सिव', 'सीव' अशी सगळी रूपं सापडतात. 'छत्र'चा 'त्र' कुठे कसा, 'पति'ची वेलांटी कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ. पुढच्या काळातल्या नाण्यांवर कुठे चंद्रकोर, कुठे सूर्य, कुठे त्रिशूळ, कुठे तलवार. मग दुदांडी शिवराई, जिच्यात अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतात. टांकसाळी जागोजागी होत्या आणि त्यांच्या मक्तेदारांचे कारागीर वेगवेगळे. नाण्यावर टांकसाळीचं नाव नाही, साल नाही. मग कुठलं नाणं कुठलं आणि केव्हाचं हे ओळखायचं कशावरून? अक्षराच्या वळणावरून, वजनावरून आणि अशीच शेकडो नाणी शेजारी शेजारी मांडून. शिवकालीन समजल्या जाणाऱ्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या भरतात, नंतरच्या बऱ्याच हलक्या. हे ज्ञान कुठल्या एका सुंदर नाण्यातून आलेलं नाही.

म्हणून मी पिशवीच्या बाजूने आहे. तांबटाच्या घरात एकत्र राहिलेला साठा आहे, यालाही मोल आहे. एका भागात कोणत्या प्रकारच्या शिवराया एकत्र फिरत होत्या याचा तो छोटासा पुरावा आहे. पथारीवरचा ढीग दहा ठिकाणांहून आलेला असतो, त्यातून हे कळत नाही. घेतलीत तर ती पिशवी एकत्रच ठेवा, नोंद करा, मगच अभ्यास सुरू करा.

सराफकट्टा

जरीपटका, अभ्यासाबद्दल तुमचा शब्द प्रमाण. पण धागाकर्ते संग्राहक आहेत, संशोधन संस्था नव्हेत. ठसे जुळवायचे असतील तर त्र्यंबक रस्त्यावर आंजनेरीला नाणेसंशोधनाचं केंद्र आहे, तिथे हे काम अनेक वर्षं चालतं. प्रत्येकाने घरी साठ शिवराया मांडून बसायला हवं का?

जरीपटका

हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. संस्थांकडे येणारा माल मर्यादित असतो. शिवराईचे बरेचसे प्रकार खासगी संग्राहकांनीच उजेडात आणले, आणि ते अशाच कळकट पिशव्यांमधून. सुंदर नाणी आधीच कॅटलॉगमध्ये गेलेली असतात. न पाहिलेलं काही उरलं असेल तर ते बाजूला टाकलेल्या नाण्यांतच आहे.

निफाडकर

मुख्य चर्चेत शिरण्याआधी एक विचारतो. पिशवी खरंच घरातली आहे ना? शेतात किंवा पाया खणताना सापडलेली असेल तर प्रकरण वेगळं. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. विकणाऱ्याने घरातली म्हणायचं आणि निघायची नांगराखालची, असं होता कामा नये. नाण्यांवर माती चिकटलेली आहे का, हिरवट थर कसा आहे, बघून घ्या.

गोदाकाठ

निफाडकर, चांगलं विचारलंत. नाण्यांवर मातीचा थर नाही. हाताळून हाताळून काळपट झालेलं तांबं आहे, तेलकटपणाही जाणवतो. विकणाऱ्यांच्या आजोबांच्या वहीत मोडीत घेतलेल्या धातूच्या नोंदी आहेत, त्यात शिवराया वजनावर घेतल्याचा उल्लेख मी स्वतः वाचला. ती वही मिळणार नाही, पण त्या पानाचा फोटो काढू देणार आहेत.

जरीपटका

मग तर पिशवी सोडूच नका. तो फोटो नाण्यांइतकाच महत्त्वाचा.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत असतो, जमवतो फक्त चांदीचे रुपये. माझा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून लिहितो.

इंग्रज काळातल्या रुपयात संख्येला काहीच अर्थ नाही. पंचम जॉर्जचे १९१७, १९१८ चे रुपये इतके पाडले गेले की आजही सराफाकडे ते चांदीच्या भावाने मिळतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातली रुपयांची मागणी इतकी वाढली की चांदी पुरेना. मग १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. म्हणजे आपल्या आजीच्या पेटीतल्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असू शकते. ही गोष्ट मला फार आवडते, पण ती सांगायला एक रुपया पुरतो. पन्नास नको.

म्हणून मी प्रत्येक राजाचा, प्रत्येक प्रकारचा एकच रुपया ठेवतो, पण तो झळाळता. १८३५ चा चौथा विल्यम, १८४० ची व्हिक्टोरिया सलग लेखाची आणि तुटक लेखाची, १८६२ ची, १८७७ पासूनची 'एम्प्रेस' (सम्राज्ञी) लेखाची. १९११ चा पंचम जॉर्ज मात्र झिजलेला असूनही ठेवला आहे. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लहान सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली, बराचसा साठा वितळवला गेला आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारून घेतला. तो सोंडेचा तपशील दिसतो तेवढं मला पुरे.

प्रमाणित करून प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद केलेली नाणी मी रुपयांच्या बाबतीत पसंत करतो. शिवराईला मात्र स्लॅब नको. वजन करता येत नाही, कड बघता येत नाही, आणि जरीपटका म्हणतात तसं शिवराई ओळखताना वजन फार महत्त्वाचं.

परदेशातल्या मंडळींसाठी एक सूचना. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. गावी गेल्यावर मिळालेली शिवराई बॅगेत टाकून इकडे आणता येत नाही. माझा तांब्याचा संग्रह पुण्यात भावाकडेच आहे, आणि तिथेच राहील.

रेवती_ठाणे

हडसनकाठी, १८६२ च्या रुपयात मात्र एकावर भागत नाही ना? मुंबई टांकसाळीने १८७४ पर्यंत सालच बदललं नाही. साल १८६२ च ठेवून आजूबाजूला ठिपके वाढवत गेले. ठिपके मोजायचे तर अनेक रुपये हवेत.

हडसनकाठी

बरोबर. ठिपके, राणीच्या चेहऱ्याचे प्रकार, मागच्या बाजूच्या फुलांचे प्रकार, सगळं धरलं तर ते एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यात उतरायचं तर संख्या लागणारच. मी उतरलो नाही.

म्हापशेकर

गोंयकारांच्या वतीने दोन ओळी. मी पोर्तुगीज अमदानीतली नाणी जमवतो. चांदीची रुपिया, तांब्याचे टांगे. १८८१ ची पहिल्या लुईस राजाची रुपिया वजनाला आणि चांदीला इंग्रजी रुपयाबरोबर ठेवली होती, म्हणून ती दोन्हीकडे चालली आणि झिजली. उत्तम प्रत मिळणं कठीण, पण प्रकार थोडे आहेत. म्हणून मी आधी प्रत्येक प्रकार मिळेल त्या स्थितीत घेतो आणि नंतर एकेक बदलत जातो. आमच्याकडच्या पावसाळी हवेत तांबं टिकवणं हाच खरा खर्च.

वाईची_लेक

मी शाळेत इतिहास शिकवते. संग्राहक नाही, तरी लिहिते. माझ्याकडे सात-आठ झिजलेल्या शिवराया आहेत. सातवीच्या वर्गात त्या मी मुलांच्या हातात देते. पातळ कागद वर ठेवून पेन्सिल फिरवली की 'राजा' उमटतो आणि अख्खा वर्ग ओरडतो. पूर्ण लेखाची महागडी शिवराई मी वर्गात नेऊच शकले नसते. दादा, पिशवीतल्या ज्या नुसत्या चकत्या म्हणता, त्या मोडीत परत देऊ नका. कुणा शिक्षकाला द्या.

जरीपटका

बाई, तुमची पेन्सिल पद्धत उत्तम. गोदाकाठ, त्या चकत्यांवरही आधी हा प्रयोग करा. अजून एक : खोलीत अंधार करून टॉर्च टेबलाच्या पातळीवर, अगदी आडवी धरा. वरून उजेड पाडला की झिजलेलं अक्षर दिसत नाही. तिरक्या उजेडात त्याची सावली पडते आणि ते उठून येतं. नाणं फिरवत राहा, कारण एका दिशेने 'श्री' दिसेल आणि दुसऱ्या दिशेने वेलांटी.

आणि कृपया धुऊ नका. चिंच, लिंबू-मीठ, राख, काहीही नको. तांब्यावरचा तो काळपट थर नाण्याचं संरक्षण करतो आणि अक्षराच्या खाचाही त्यातच नीट दिसतात. तेलकटपणा फारच असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून काढा, चोळू नका. मऊ पीव्हीसीचे कप्पे वापरू नका, वर्षा-दोन वर्षांत हिरवा चिकट थर धरतो. मायलरचे कप्पे किंवा कागदी पाकिटं बरी. हिरवी भुकटी सुटत असलेलं नाणं दिसलं तर ते इतरांपासून लगेच वेगळं करा.

सराफकट्टा

आता त्या एका शिवराईबद्दलही कुणी बोला. वजन केलंत का? इतका पूर्ण लेख असेल तर अक्षरं मागाहून कोरून उठवलेली नाहीत ना, हे बघायला हवं. झिजलेल्या शिवराईवर बारीक छिन्नीने अक्षर खोल करून विकण्याचे प्रकार होतात. अक्षराच्या कडेला ताजे ओरखडे, अक्षराभोवतीची जमीन अक्षरापेक्षा वेगळ्या रंगाची, अशा खुणा भिंगातून दिसतात. कडेवर शिवण असेल तर साच्यात ओतलेली नक्कल.

गोदाकाठ

काल दोन्ही ठिकाणी जाऊन आलो.

एक शिवराई ११.९ ग्रॅम भरली. भिंगातून बराच वेळ पाहिली. अक्षरांचा आणि जमिनीचा रंग एकच, ओरखडे नाहीत, कडेवर शिवण नाही. मला ती अस्सल वाटते. सुंदर आहे. सराफकट्टा म्हणतात ते खरं, असं नाणं पुन्हा समोर येणं कठीण.

पिशवी टेबलावर पसरली आणि टॉर्च आडवी धरून बघत बसलो. दुदांडी बऱ्याच निघाल्या. चार नाण्यांवर 'सीव' स्पष्ट. चकत्या समजत होतो त्यातल्या एकीवर चंद्रकोरीसारखं काहीतरी आहे. आणि दोन नाण्यांवरचा 'जा' मला तंतोतंत एकाच ठशाचा वाटतो. एकावर त्याची डावी बाजू आहे, दुसऱ्यावर उजवी. ती दोन शेजारी ठेवून पाहिली आणि माझं ठरलं. पिशवी घेतो आहे.

रुपयांच्या बाबतीत मात्र हडसनकाठींचं ऐकणार आहे. पंचम जॉर्जचे माझ्याकडे जे जादा रुपये आहेत ते काढून टाकतो आणि त्या पैशात १८४० चा एकच, पण चांगला घेतो.

वाईच्या बाईंसाठी चार-पाच शिवराया बाजूला काढतो. आधी सगळ्यांची नोंद होऊ द्या. मूळ पिशवीतल्या म्हणून त्यांचा क्रमांकही सोबत देईन.

वाईची_लेक

मनापासून आभार! क्रमांक मुलांनाही सांगेन.

सराफकट्टा

तुमचा निर्णय तुमचा, पण माझं मत बदललेलं नाही. ११.९ ग्रॅमची, पाचही ओळींची अस्सल शिवराई सोडायची नसते. तुम्ही खरंच घेणार नसाल तर त्या गृहस्थांना विचारून माझा निरोप द्याल का? मी घेतो.

गोदाकाठ

त्यांना विचारलं, हरकत नाही म्हणाले. संपर्क व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवला आहे. फक्त एक विनंती. नाणं आलं की दोन्ही बाजूंचे मोठे फोटो मला द्या. पिशवीतल्या नाण्यांशी ठसा जुळतो का ते बघायचं आहे.

सराफकट्टा

व्यनि मिळाला. फोटो नक्की देतो.

जरीपटका

दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही. उजेड डावीकडून, शेजारी मोजपट्टी, आणि प्रत्येक फोटोला उजेडाची दिशा तीच ठेवा, नाहीतर ठसा जुळवता येत नाही. गोदाकाठ, तुम्हीही त्याच पद्धतीने काढा. त्या दोन 'जा'पासून सुरुवात करू.